उरलेली बावीस मिनिटं

गल्लीत तिला सगळे शिवणकाकू म्हणत आणि तिच्या नवऱ्याला कॅसेटकाका. दोघांची खरी नावं विजेच्या बिलापुरती उरली होती. काकांचं दुकान तळमजल्यावर, काकूचं मशीन तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी. दुकानाच्या एका भिंतीवर सिनेमाच्या कॅसेट, दुसरीवर कादंबऱ्या, दोन्ही भाड्याने. काकू वर बसून लोकांच्या पँटी आखूड करायची, पडद्यांना पट्ट्या लावायची, आणि संध्याकाळी दुकान मिटलं की काका काखेत एक कॅसेट घेऊन वर यायचे. मग दोघं शेजारी बसून सिनेमा बघत. भांडायचं असलं तर तेही सिनेमा संपल्यावर.

त्यांना एक मुलगी होती, ठकी. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. एकतीस वर्षांपूर्वी ती तापाने आजारी पडली आणि अकरा दिवस इस्पितळात होती. अकरा दिवस काकू खाटेजवळून हलली नाही. बाराव्या दिवशी ताप उतरल्यासारखा वाटला. दुपारी काका म्हणाले, "घरी जा, आंघोळ कर, दोन घास खा. मी आहे, माझी बहीण आहे." ठकीला गुंगी होती. काकू तिच्या कानाशी "आत्ता येते हं" म्हणाली आणि निघाली. घरी आंघोळ झाली आणि केस पुसता पुसता बसल्या जागी तिचा डोळा लागला. अकरा दिवसांची झोप ती, सोडते होय? चार वाजता दार वाजलं. दारात काका उभे. म्हणाले, "झोपेतच गेली गं. काही कळलंसुद्धा नाही तिला."

या दोन वाक्यांवर काकू एकतीस वर्षं जगली. नुसती बोलायची गोष्ट नाही ही, खरंच जगली. मध्ये मुलगा झाला, तो वाढला, त्याचं लग्न झालं, मशीनची दोनदा मोटर बदलली. पण रात्री पाठ टेकली की आधी ती दोन वाक्यं मनात म्हणायची आणि मगच तिला झोप यायची. पोरीला कळलंसुद्धा नाही. मी जवळ नसले तरी तिला कळलं नाही.

काकांनी त्यानंतर एक उद्योग सुरू केला, तो काकूला कळला नाही आणि बाकी सगळ्या गल्लीला कळला. दुकानात कॅसेट चालवायची दोन व्हिडिओ यंत्रं होती, एकावरून दुसऱ्यावर कॅसेट उतरवायला. काका घरी आणायच्या सिनेमाची वेगळी कॅसेट उतरवू लागले. त्यावर हिरव्या शाईने लिहिलेलं असे, 'घरची'. सगळं सुरळीत झालं, हरवलेली माणसं सापडली, रुसलेली बोलली, की काका तिथे बटण दाबत. पुढे कोणी मरायचं असेल तर ते घरच्या कॅसेटमध्ये मरत नसे. टीव्हीवर सिनेमा लागला तर शेवटाच्या सुमारास काका अँटेना नीट करायला गच्चीवर जात, आणि अँटेना बरोबर तेव्हाच बिघडत असे. कादंबरी आणली तर तिची शेवटची पानं गळालेली असत. "भाड्याची पुस्तकं," काका म्हणत, "दहा हातांतून जातात. पण संपली आहे ती, पुढे नुसत्या जाहिराती होत्या."

काकूला शंका कशी आली नाही? येणार कशी! सिनेमावाल्याची बायको ती, सिनेमे असेच संपतात असंच तिला वाटे. उलट कपड्यांचं माप द्यायला आलेल्या बायकांना ती त्या गोष्टी रंगवून सांगायची. बायका ऐकत, एकमेकींकडे बघत आणि म्हणत, "हो ना काकू, काय छान शेवट आहे!" सगळी गल्ली अळीमिळी गुपचिळी. एवढ्या तोंडाळ गल्लीने एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली, हे सांगूनही खरं वाटायचं नाही.

कॅसेट गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या. काकांनी त्याही घरच्यासाठी वेगळ्या केल्या. मग चकत्याही गेल्या, लोक फोनवर सिनेमे बघू लागले, दुकान मिटलं. तीन वर्षांपूर्वी काका गेले. काकूने नंतरही जुन्या कॅसेट बघितल्या, पण फितींना बुरशी धरली होती. पडद्यावर माणसांपेक्षा रेघा जास्त. एक दिवस व्हिडिओने फीत गिळली ती गिळलीच. तो दुरुस्त करणारा माणूस आता शहरात कुणाला ठाऊक नव्हता.

सून भली पोर. मुलगा कामासाठी महिन्यातले पंधरा दिवस बाहेर, तेव्हा घरात ह्या दोघीच. सासू भिंतीकडे बघत बसते हे सुनेला बघवेना. तिने भिंतभर टीव्ही आणला, त्यावर सगळे जुने सिनेमे मिळतील अशी सोय केली, आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षरं मोठी होणारी, पुस्तकं वाचायची विजेवरची पाटीही आणली.

"आई, कुठला लावू? म्हणाल तो."

काकूने पुलाचा सिनेमा सांगितला. नाव तिला कधीच लक्षात राहत नसे. लहानपणी ताटातूट झालेले बहीण-भाऊ, भाऊ बारा वर्षं शोधतो आणि शेवटी एका पुलावर बहीण समोरून येते. काकूने तो वीसेक वेळा तरी पाहिला असेल. चित्र इतकं स्वच्छ की भावाच्या शर्टाला एक बटण वेगळ्या रंगाचं आहे हे तिला पहिल्यांदा दिसलं. शिवणाऱ्या बाईचा डोळा, दुसरं काय! पुलावर दोघं धावत आली, मिठी पडली, काकूने पदराने डोळे टिपले आणि चहा टाकायला उठली.

"बसा ना आई, अजून बावीस मिनिटं आहेत."

"नावं असतील ती."

"बावीस मिनिटं नावं?" सून हसली. पडद्याच्या तळाशी एक पांढरी रेघ होती आणि तिचा शेवटचा तुकडा अजून भरायचा होता.

काकू उभ्याउभ्याच बघत राहिली. पुलावरची बहीण खोकली. मग घर आलं, खाट आली, डॉक्टर आला, भाऊ औषध आणायला धावला. तो परत येईपर्यंत बहीण संपली होती. दारात त्याच्या हातातून बाटली पडली, आणि मग कुठे नावं आली.

"हा तो सिनेमा नाही," काकू म्हणाली.

"आई, हाच आहे. एकच आहे."

"मला शिकवू नकोस! माझ्या नवऱ्याचा धंदा होता हा. कुणीतरी मागाहून जोडलंय हे मेल्यांनी." आणि ती सुनेवर अशी कडाडली की बिचारीने बटण बंद करून टाकलं. भांडण करावं असं त्या पोरीने काही केलंच नव्हतं.

चार दिवस काकूने टीव्हीकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी तिने पाटी घेतली. तिला पाठ असलेली एक कादंबरी होती. म्हातारा बाप मुलाच्या पत्राची वाट बघतो आणि शेवटी पोस्टमन फाटकाशी सायकल लावतो. पोस्टमनने सायकल लावली. काकूने खाली बघितलं. तिथे लिहिलं होतं, चौऱ्याण्णव टक्के.

कागदाच्या पुस्तकाची पानं गळाली तर गळाली, कोण मोजायला बसतं! ही पाटी मात्र किती उरलंय ते सांगितल्याशिवाय राहत नव्हती. काकूने ते सहा टक्के वाचले. पोस्टमनकडे पत्र होतं, पण ते मुलाचं नव्हतं.

समोरची केस कापणारी बाई परकर आखूड करून घ्यायला आली, तेव्हा काकूने तोंडातली टाचणीही न काढता विचारलं, "पुलाच्या सिनेमात बहीण मरते?"

बाईने हातातला परकर खाली ठेवला. मग म्हणाली, "काकांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, काकू. हिच्यापुढे शेवटाचा विषय काढायचा नाही. आम्ही कशाला बोलतोय? त्यांनी हात जोडले होते."

त्यानंतर आठवडाभर काकू वेड्यासारखं एकच करत होती. सून कामावर गेली की एकेक जुना सिनेमा लावायचा, ती पांढरी रेघ दाबून पुढे न्यायची आणि तेवढा शेवट बघायचा. चौदा शेवट तिने पाहिले. नऊ ठिकाणी कुणी ना कुणी मेलं. प्रत्येक वेळी तिला दिसत काका, दुकानाचं शटर अर्धं ओढून, दोन व्हिडिओंच्या मध्ये बसलेले. तिला दाखवायचं नाही ते आधी स्वतः पूर्ण बघावं लागत होतं त्यांना. त्यांचीही मुलगी गेली होती. त्यांच्यासाठी कोण बटण दाबत होतं? काकू मशीनवर डोकं टेकून रडली. रागही आला, मायाही आली, काय जास्त ते तिला सांगता आलं नसतं.

आणि तसंच डोकं टेकलेलं असताना एक दुसरीच गोष्ट तिच्या मनात आली. एकदा आली ती आली. ज्या माणसाने इतकी वर्षं तिला एकही दुःखाचा शेवट दिसू दिला नाही, त्याने त्या दिवशी दारात उभं राहून खरं सांगितलं असेल?

त्या रात्री तिने पाठ टेकली आणि ती दोन वाक्यं म्हणायला गेली, तर ती काकांच्याच आवाजात ऐकू आली. 'संपली आहे ती, पुढे नुसत्या जाहिराती होत्या' म्हणायचे ना, अगदी तोच आवाज. झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला काही न सांगता तिने बस पकडली आणि नणंदेचं घर गाठलं.

नणंद काकांपेक्षा पाच वर्षांनी धाकटी, आता एकटीच राहणारी, गुडघ्यांनी गांजलेली पण बुद्धीने लख्ख. तिने दार उघडलं, काकूचा चेहरा पाहिला आणि चहाचं विचारलंच नाही.

"वन्सं," काकू बसायच्या आत म्हणाली, "ठकी गेली तेव्हा तुम्ही तिथे होतात."

"होते की."

"कशी गेली?"

"वहिनी, आता काय हे! झोपेतच गेली. काही कळलंसुद्धा नाही तिला."

"हे त्यांचं झालं. मला पुढचं सांगा."

नणंद पदराशी खेळत राहिली. "दादाने शपथ घातली होती."

"शपथ घालणारा गेला, वन्सं. मीही काही आज-उद्याचीच. माझी पोर होती ती. तिचं जे काय होतं ते माझं आहे. मला द्या."

खालून भंगारवाल्याची हाक येऊन गेली. मग नणंद बोलली. काकूकडे न बघता, भिंतीकडे बघून.

"तू गेलीस आणि अर्ध्या तासाने ती जागी झाली. चांगली शुद्धीवर होती. म्हणाली, आई कुठंय? दादा म्हणाला, येतेय. मग घरघर लागली. डॉक्टर आले, त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं. दादाने तुला आणायला निरोप्या धाडला होता, पण तो घर चुकला. ठकी सारखी विचारत होती. दादा म्हणाला, आई खाली आलीय, जिना चढतेय. ती म्हणाली, किती पायऱ्या राहिल्या? दादा मोजायला लागला. वीस राहिल्या, पंधरा राहिल्या. पाचावर आला की म्हणायचा, अगं, आई दमली, मध्येच बसलीय. मग पुन्हा दहापासून. कितीदा मोजलं त्याने, वहिनी!"

"मग?"

"पुरे ना."

"मग काय झालं, वन्सं?"

"मग ती रागावली." नणंदेने डोळ्यांना पदर लावला. "म्हणाली, तुम्ही खोटं बोलता. आई पण खोटं बोलते, आत्ता येते म्हणाली होती. मला नकोच आई. आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दादा हाका मारत होता, तिने तोंड वळवलं नाही. तशीच गेली. घरी निघताना दादा खोलीच्या दारात थांबून मला म्हणाला, हे हिला कळलं तर ही जगायची नाही."

काकूच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. ती नुसती बसून राहिली, हात मांडीवर उपडे ठेवून. नणंद घाबरली. उठून पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, लहान होती गं, तापात होती, लहान मुलं बोलतातच असं. हे सगळं काकूला कळत होतं. पण तिच्या मनात दुसरंच काही चाललं होतं.

"वन्सं, मी त्यांना बोलायचे."

"काय बोलायचीस?"

"दरवर्षी. त्या दिवशी. मी म्हणायचे, तुमचं काय, तुम्ही नशीबवान. तुम्ही तरी जवळ होतात तिच्या. मला तेही नाही मिळालं. टोचून बोलायचे. ते आजारी होते त्या वर्षीसुद्धा बोलले, अंथरुणाशी बसून."

नणंदेने तिचा हात घट्ट धरला. "आणि दादा काय म्हणायचा?"

"हो म्हणायचे," काकू म्हणाली, आणि आता कुठे तिला रडू फुटलं. "दरवर्षी म्हणायचे, हो गं, मी नशीबवान."