सखूमामीचं बाकी काम

सखूमामीनं एखादं काम पुरं केलेलं मी कधी पाहिलं नाही. गोधडी शिवायची आणि शेवटचा हातभर काठ तसाच सोडून उठायची. तूर निवडताना सूपभर बाजूला ठेवायची. संत्र्याच्या बागेत निंदणाऱ्या बाया शेवटच्या ओळीला आल्या की म्हणायची, "राहू द्या वं, ते उद्याले." माझ्या आईला, म्हणजे तिच्या नणंदेला, हा आळस वाटे. आळस कसला! ही बाई जेवतानासुद्धा धड बसत नसे.

मोठे मामा गेले तेव्हा ती तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. शेंदूरजनाघाटची बाग आणि धाकटा दीर देवराम, दोघांनाही तिनंच वाढवलं. कामं अशी अर्धी का टाकतेस, म्हणून मी एकदा तिला छेडलं.

"तुहे मामा गेले अन् मी विहिरीवर जाऊन उभी राह्यली," ती म्हणाली. "गायीले पाणी पाजाचं राह्यलं होतं, म्हणून वापस आली. तवापासून उद्याचं काईतरी बाकीच ठेवते."

पुढं सत्तावन-अठ्ठावनच्या हिवाळ्यात तिला विषमज्वर झाला. अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं. आम्ही तिथलेच, त्यामुळे आई आणि मी डबा घेऊन जायचो. ताप उतरत होता. पडल्या पडल्याही मामी चादरीचे धागे उपसत बसायची आणि घरी जायची घाई करायची.

तेवढ्यात देवराममामा गावाहून आले. वहिनीला आईच्या जागी मानणारा भोळा माणूस. गोधडी शिवून झाली, तूर निवडली, बाग निंदली, असं सगळं त्यांनी कौतुकानं सांगितलं. "वहिनी, काईच बाकी ठेवलं नाई. आता तुमाले कायची फिकीर?"

मामीचा हात थांबला. ती भिंतीकडे तोंड करून निजली आणि तिनं खाणंपिणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, ताप गेला, पण बाईच हटून बसली आहे. मामा व्हरांड्यात रडत होते. मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. माणसानं इतकं मायाळू असू नये!

दुसऱ्या दिवशी आईनं तिच्यासाठी साखरपाण्यात जंबेरीचं आंबट लिंबू पिळलं. बिया वाटीत काढल्या आणि ती वाटी ओतायला निघाली.

"फेकू नोको," भिंतीकडून आवाज आला.

मामी कोपरावर उठली होती. जंबेरीच्या रोपावरच संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात, आणि बी वाळलं तर उगवत नाही. तिनं बिया ओल्या फडक्यात बांधून घेतल्या.

"रोप होईन, मंग डोळा बांधीन," ती म्हणाली. "फळ याले पाच-सहा वर्सं लागतात. मले घरी कवा सोडतात, विचारा."

आईनं पेला पुढं केला. मामीनं तो घटाघटा संपवला. मामांना हर्ष मावेना. डोळे पुसत ते म्हणाले, "वहिनी, द्या इकडं. आजच पेरून टाकतो."

मामीनं पुरचुंडी उशीखाली सारली.

"हात तं लावून पाह्य, देवराम."