पाण्याचं माप

वीस वर्षं मी बारावीच्या मुलांना शिकवतोय, संहती वाढली की अभिक्रियेचा वेग वाढतो. कण दाटीने आले की टकरा जास्त. एवढं एक वाक्य पाठ असलेल्या माणसाइतका घातक मूर्ख दुसरा नाही, हे मला माझ्यावरूनच कळलं.

माझ्या थोरल्या भावाची दोडामार्गला रबराची बाग आहे. तो कामाला रोज गोव्यात जातो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बाग माझ्यावर सोपवली होती. झाडांचा चीक ट्रेमध्ये ओतायचा, त्यात पाण्याने पातळ केलेलं ॲसिड घालायचं, हे काम एक बाई बारा वर्षं करत होती. चीक रात्रभर सावकाश गोठतो आणि सकाळी रोलरमधून त्याची शीट निघते.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मला संध्याकाळची कुडाळची गाडी गाठायची होती.

"आजच शीट काढायची आहे. पाणी घालू नका, नुसतं ॲसिड घाला," मी म्हणालो. घरी मालवणी बोलणारा मी तिच्याशी मुद्दाम पुस्तकी मराठीत बोललो.

"मास्तरांनू, पाणी नाय घातला तर चीक आवळता. मगे रोलरात जायत नाय."

"शास्त्र आहे ते. संहती म्हणतात त्याला."

"तुमचा शास्त्र चीक वळखता काय?"

पण तिने ऐकलं. मालकाच्या भावाचं ऐकावंच लागतं. ओतताना कॅनमधलं ॲसिड तिच्या बोटांवरून ओघळलं. ती हात धुवायला धावली. परत आली तोवर चिकाचे दगडासारखे गोळे झाले होते. वेग वाढला होता. माझा नियम बरोबर ठरला होता.

भाऊ आला तेव्हा मी पिशवी भरून तयार होतो.

"ह्या कोणी केल्यान?"

"तिना पाणीच घालूक नाय," मी म्हणालो. एक शब्द खोटा नव्हता. नीच माणसाला खोटं बोलायचीही गरज पडत नाही.

"उद्यापासून येव नको," भाऊ तिला म्हणाला.

तिच्या बोटांना ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. तिने भावाकडे पाहिलंही नाही.

"पोरांक ह्याच शिकयतास काय, मास्तरांनू?"

मी घड्याळ बघितलं. गाडी मला मिळाली.

परवा भावाचा फोन आला. "नव्या माणसाक माप जमणा नाय रे. ती बाई बरी होती."

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. मी म्हणालो, "शिकात हळूहळू."