गाळलेलं पान

वाचनालयाच्या पुस्तकांवर लिहू नये, अशी पाटी धुळ्याला आमच्या देवपुरातल्या वाचनालयात टांगलेली होती. सुमनअक्का बरोब्बर त्या पाटीखाली बसायच्या आणि पुस्तकात लिहायच्या. कादंबरीतली बाई बाळंतपणात नवऱ्याचा हात धरून, हसत हसत मेली, की समासात अक्कांचं ठसठशीत अक्षर : "खोटं. असं कोणी मरत नाही." ग्रंथपाल हात जोडायचे, "अक्का, पुस्तक खराब होतं हो!"

"खराब आधीच होतं. मी दुरुस्त केलं."

तीस वर्षं साक्रीकडच्या खेड्यांत नर्सबाई म्हणून काढलेली बाई ती. कादंबरीवाल्याला काय भिणार! निवृत्त होऊन, अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास, आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहायला आल्या. मी चौथी शिकलेली, पापड लाटणारी. एक दिवस अक्का ओट्यावर आल्या, माझ्या पोळपाटाशेजारी पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, "हे घे. पीठ लागलं तरी चालेल, पण वाच." आठवड्यानं विचारलं तेव्हा मी अभिमानानं सांगितलं, चाळीस पानं झाली. तर माझ्यावरच डाफरल्या. "पापड मोजतेस तशी पानं मोजू नको गं. राग कुठं आला ते सांग. जिथं राग येतो, तिथं वाचणं सुरू होतं."

लिहायच्या प्रमाण मराठीत आणि चिडायच्या अहिराणीत. वर्तमानपत्रात कुठल्याशा आरोग्य शिबिराचं कौतुक आलं, की पेपर आपटून म्हणायच्या, "हाई बठ्ठं खोटं शे!" आणि लगेच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला बसायच्या. मी एकदा विचारलं, अक्का, लिहायला स्फूर्ती लागते म्हणतात, तुम्हाला कुठून येते? म्हणाल्या, "स्फूर्ती काय मोरपीस आहे, अंगावरून फिरायला? कळ असते ती. आली की मोकळं व्हावं लागतं. थांबवून धरली की माणूस मरतं."

हे त्या का म्हणाल्या, ते मला पुढं समजलं.

वाचनालयानं ठरवलं, निवृत्त वाचकांकडून 'माझी वाचन-लेखनाची प्रेरणा' असं लिहून घ्यायचं आणि पुस्तिका काढायची. अक्कांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. कॅलेंडरच्या पाठीवर मोठमोठ्या अक्षरांत त्यांनी आठ पानं लिहिली. छापखान्यासाठी शाईनं उतरवून काढायचं काम माझं. सातवं पान उतरवताना माझा हात थांबला.

एका खेड्यातली सून. श्रावणातला कानबाईचा रविवार. घरात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसायची होती, साऱ्या भावकीचे नैवेद्याचे रोट व्हायचे होते, आणि त्याच सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. मूल झालं तर सोयर पडणार, साऱ्या भावकीचे रोट अडणार. म्हणून कोणाला कळूच दिलं नाही. मागच्या खोलीत निजवून ठेवली, दाराला कडी. सोमवारी कानबाई नदीवर शिरवून, विसर्जन करून आले आणि मग नर्सबाईला निरोप. तोवर सगळं संपलेलं. बाईही, बाळही.

आणि खाली अक्कांनी लिहिलं होतं : "रजिस्टरात मी लिहिलं, 'अचानक रक्तस्राव, घरच्यांनी तातडीने कळवले.' सरपंच शेजारी उभे होते. 'तातडीने' हा शब्द माझ्या हातचा आहे. मी घरी कानबाई बसवते. कानबाई कोणाचा जीव घेत नाही. जीव माणसांनी घेतला आणि ते मी झाकलं. निवृत्तीनंतर लिहायला बसले ती या एका शब्दासाठी. बाकीचं सारं लिहिलं ते हात बसावा म्हणून."

वाचनालयाच्या सेक्रेटरींनी मूळ पानं आधीच चाळली होती. मला गाठून म्हणाले, "वहिनी, देवाधर्माची गोष्ट आहे, लोक भडकतील. तेवढं एक पान सोडून उतरवा. नाहीतर अख्खा लेखच ठेवता यायचा नाही. अक्कांना मी सांगतो." त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, उरलेली सात पानं तरी छापून येतील, म्हातारीला बरं वाटेल. आज आठवलं की माझाच हात पोळपाटावर आपटावासा वाटतो.

प्रकाशनाच्या दिवशी पुस्तिका हातात पडताच अक्का म्हणाल्या, "मालती, सातवं वाच." मी पानं उलटत राहिले. "वाच ना!" शेवटी म्हटलं, "अक्का, ते छापलं नाही. मी उतरवलंच नव्हतं."

अक्का ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "तू बी तेच करं ना, माय?" म्हणजे, तूही झाकलंसच ना.

मग उठून सरळ माईकशी गेल्या. सेक्रेटरी म्हणाले, "अक्का, आधी पाहुण्यांचे दोन शब्द—" "पाहुणे बसतील. मी तीस वर्षं गप्प बसले." सातवं पान त्यांना तोंडपाठ होतं. पहिल्या रांगेतले दोघे उठून गेले. बायका मात्र हलल्या नाहीत. एकीनं मागून विचारलं, "अक्का, नाव काय होतं तिचं?" अक्कांनी सांगितलं. रजिस्टरात नुसती 'अमक्याची पत्नी' होती.

त्यानंतर अक्कांनी मला कधी काही उतरवायला दिलं नाही. बोलायच्या, माझ्या हातचा चहा घ्यायच्या, पण कागद द्यायच्या नाहीत. वर्षभरानं शिरपूरला भावाकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. माफ केलं का, मी विचारलं नाही. त्या खोटं बोलल्या नसत्या, म्हणून विचारलं नाही.

सेक्रेटरींवरचा राग अजून जात नाही. स्वतःवरचा तर मुळीच जात नाही. पण नुसता राग घेऊन बसणारीला अक्कांनी ओट्यावरून उठवलं असतं. म्हणून आज माझ्या हातानं, शाईनं, उतरवते आहे :

तिचं नाव गिरजा. वय वीस. कळा रविवारी सकाळी सुरू झाल्या. घरात सगळ्यांना माहीत होतं. नर्सबाईला सोमवारी, विसर्जन आटोपल्यावर कळवलं.