विहीर नसलेली वस्ती

बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा मी नगरच्या एका सरकारी कचेरीत, हातात कार्डांचे गठ्ठे घेऊन काढला. पुण्यात तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग केल्यामुळे कचेरीत मला त्या विषयातला जाणकार समजत. माझ्याइतकंही ज्ञान दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

काम असं होतं : प्रत्येक गावाचं एक कार्ड, त्यावर एकूण विहिरी आणि आटलेल्या विहिरी. त्यातून टँकर कुठे पाठवायचा ती यादी पुण्याच्या यंत्राने छापायची. मी प्रोग्रॅम लिहिला तो शाळेतल्या पोरासारखा, पायरीपायरीने. गावात विहीर आहे का? नसेल तर नाव छाप. असेल तर निम्म्याहून जास्त आटल्यात का? आटल्या असतील तर नाव छाप.

पुण्याहून आलेल्या तरुण इंजिनियरने तो वाचला आणि हसला. ‘‘एवढा पाल्हाळ?’’ त्याने सगळं एका ओळीत बसवलं. दोन अक्षरं, एक गुणाकार, एक तुलना. साहेब खूश झाले. ओळ समजली म्हणून नव्हे, ती आखूड होती म्हणून. मलाही ती नीट उलगडली नाही, पण विचारायची लाज वाटली. खाली ‘तपासले’ लिहून मी सही केली. यादी आली तेव्हा साहेबांनी तिला हार घातला.

आठवड्याने तिसगावकडच्या एका वस्तीचा कोतवाल दारात उभा राहिला.

‘‘भाऊसाहेब, आमच्या वस्तीचं नाव न्हाई यादीत.’’

‘‘विहिरी आटल्यात का तुमच्या?’’

‘‘आटाया हीर तर पायजे! वढ्यातल्या झिऱ्यावर भागायचं. त्योबी गेला. दोन म्हाताऱ्या आन् एक बाळंतीण पडून हायेत.’’

मी त्यांचं कार्ड काढलं. तलाठ्याने रकान्यात रीतसर ‘निरंक’ लिहिलं होतं, शब्दाला आकडा नाही म्हणून कार्डाला भोकं पाडताना तिथे कोरी जागा राहिली होती, आणि यंत्राने ती शून्य म्हणून वाचली होती. त्या सुबक ओळीचा हिशेब होता, आटलेल्यांची दुप्पट एकूण विहिरींपेक्षा जास्त हवी. शून्याची दुप्पट शून्यच, आणि शून्य काही शून्यापेक्षा जास्त नाही. ज्यांना विहीरच नाही त्यांची विहीर आटलेली नाही. माझी पहिली पायरी फालतू म्हणून गळाली होती, आणि खाली सही माझी होती.

मग सगळा गठ्ठा उलगडला. निरंकची कार्डं एकामागून एक निघत गेली. आठवडाभर तिथे कोण काय पीत असेल, हा विचार मी मनात येऊ देत नव्हतो, तरी तो येतच होता.

ती कार्डं घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो आणि घडलं ते सांगितलं.

‘‘यंत्रावर संशय घेता?’’

‘‘यंत्रावर नाही, साहेब. त्या ओळीवर. मी ती न समजता सही केली.’’

साहेबांनी कार्डं बाजूला सारली. ‘‘पुरवणी यादी काढा. कारण लिहू नका.’’ आणि यादी नेल्यावर त्यांनी ती न वाचताच सही केली.

ती मी हाताने लिहिली होती, प्रत्येक नाव दोनदा वाचलं होतं, तरी धीर होईना. म्हणून दुपारच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी मीच चढलो. कोतवाल मागे शिडीला धरून उभा होता. रस्ताभर मला एकच भीती, की आपण पोचू तेव्हा दारात कुणीतरी तिरडी बांधत असेल.

तिरडी नव्हती. वस्तीच्या तोंडाशी टँकर थांबला. बायका उंबऱ्याशी बसून होत्या, हंडे आत होते. कुणी उठलं नाही. आठवडाभर रोज टँकर त्यांच्या दारावरून पुढच्या गावाला जात होता. हाही जाईल, असंच त्यांनी धरलं होतं.

कोतवाल खाली उडी मारून ओरडला, ‘‘आगं उठा की! ह्यो आपला हाय!’’

तरीही पहिला हंडा बाहेर यायला वेळ लागला.