सरांचं नववं प्रकरण

या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसण्यासाठी. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... शिकलेली माणसं हे असलं लिहितात याची मला मनापासून चीड येते. आज मीच लिहितोय, तेव्हा हसायची पाळी तुमची.

मी बदलापूरजवळच्या चामटोलीचा. घरातला पहिला पदवीधर झालो तो आमच्या शाळेतल्या सरांमुळे. कॉलेजचा फॉर्मसुद्धा त्यांनीच भरून दिला होता. पुढे मधुमेहाने त्यांची नजर गेली. गावाच्या आठवणींचं पुस्तक करायची त्यांची फार इच्छा. म्हणून वर्षभर दर रविवारी ते सांगायचे आणि मी माझ्या लॅपटॉपवर टाईप करायचो. दुसरी प्रत कुठेच नव्हती. कॉम्प्युटरचा पदवीधर, आणि साधा पेन ड्राइव्ह लावायची अक्कल नाही.

नव्या नोकरीसाठी लॅपटॉपवर लिनक्स ही वेगळी सिस्टीम हवी होती. बदलापूरला, शिरगावच्या खोलीवर एका दुपारी ती विंडोजच्या जोडीला टाकायला बसलो. कुणाला विचारणं कमीपणाचं वाटलं. ‘जोडीला बसवा’ऐवजी ‘सगळी डिस्क पुसा’ निवडलं आणि चहा ठेवायला उठलो. परत येतो तर विंडोज गेलेलं, आणि सरांचं पुस्तकही.

उल्हासनगरच्या रिपेअरिंगवाल्या सिंधी शेठने तीन दिवस रिकव्हरी चालवली. फोटोंचे चार तुकडे निघाले, बस. "साईं, दूसरा डालने गया और पहला भी उड़ा दिया. इंजिनियर है ना?" वर सल्ला — लॅपटॉपवरून लिंबू उतरवून टाक. मी मनातल्या मनात त्याची कीव केली आणि निघालो.

रविवारी सकाळी, सरांकडे कबुली द्यायला जाण्याआधी, लॅपटॉप उघडला. कोऱ्या सिस्टीमच्या डॉक्युमेंट्समध्ये एक फाईल. पुस्तक... नऊच्या नऊ प्रकरणं.

मी प्रकरणं पुन्हा मोजली. कारण नववं मी टाईप केलंच नव्हतं. ते होतं चकवा, गावदेवाची राखण, असल्या भाकडकथांचं. सरांना दिसत नाही म्हणून दोन रविवार मी नुसती बटणं बडवत बसलो होतो. आणि फाईलमध्ये वाक्यन्‌वाक्य सरांचं — खोकल्याने ते जिथे थांबले होते, तिथे वाक्यही अर्धवट.

शेठचं काम म्हणावं, तर त्याला मराठी वाचता येत नाही. सरांनी दुसऱ्या कुणाला ते सांगितलेलं नाही. मी आडून आडून विचारलं.

चामटोलीला जाऊन मी ते प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग माझा हात चाचपून म्हणाले, "बाळा, मला वाटलं होतं, तू नुसती बटणं बडवतोयस."

या फाईलचं कारण मला आजही सापडलेलं नाही... आणि सरांना खरं सांगायचं धाडसही झालेलं नाही.