पहिला तास दाराबाहेर

डोंबिवली पश्चिमेच्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवायचे. शाळा सकाळची. उशिरा येणाऱ्या मुलांनी पहिला तास वर्गाबाहेर उभं राहायचं, असा मुख्याध्यापिकाबाईंचा नियम होता. नववी ‘ब’चा पहिला तास माझा असायचा.

त्या वर्गातली एक मुलगी आठवड्यातून तीन-चारदा तरी बाहेर असायची. कोपर गावातली, आगरी घरातली. आई पहाटेच भाजी आणायला कल्याणच्या मार्केटला जायची, वडील टेम्पोवर. धाकट्या बहिणीचं आवरून, तिला आत्याकडे सोडून ही धावत यायची. कारण मला माहीत होतं. मी वरती एकदा सांगितलंही होतं. “प्रत्येकाचं काही ना काही असतंच,” असं उत्तर मिळालं.

ती दप्तर पायाशी ठेवून वहीत काहीतरी लिहीत उभी राहायची. एकदा समीकरणं शिकवताना मी दार मुद्दाम उघडं ठेवलं. पर्यवेक्षिकाबाई फेरीवर आल्या. त्यांनी दार ओढून घेतलं, आणि तासानंतर मला म्हणाल्या, “तुम्हीच असं केलंत तर शिस्त कशी राहणार?” दुसऱ्या दिवसापासून मी दार लावून शिकवायला लागले.

वार्षिक परीक्षेत ती गणितात नापास झाली. बाकी विषयांत बरी होती, मराठीत तर चांगलीच. पण दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे म्हणून अशा मुलांना दाखला देऊन सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगत, म्हणजे नववी पुन्हा न करता दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची. वडिलांना समजवायचं काम माझ्याकडे आलं.

ते टेम्पो गेटबाहेर लावून आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. “बाई, पोर तं रोज शालेत येते. मंग तिला काढता कशाला?”

मी म्हणाले, “काढत नाही आहोत. वर्ष वाचेल तिचं.”

त्यांनी दाखवलं तिथे सही केली. ती बाजूलाच उभी होती. जाताना माझ्या पाया पडली.

दहावीला बाहेरून बसून ती गणितातच राहिली. जुलैत पुन्हा बसली, पुन्हा राहिली. शिकवायला घरी बोलवावं असं मी कितीदा ठरवलं, पण बोलावलं नाही. तिच्यासमोर बसायची मला लाज वाटत होती.

मागच्या वर्षी सासूबाईंना कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. चादर बदलायला आली ती हीच. मला पाहून हसली. सोबतच्या बाईला म्हणाली, “या माझ्या गणिताच्या बाई.”

मी विचारलं, “नर्सिंगचं का नाही केलंस?”

“दहावी पास लागते ना बाई. त्याच्यापुढे बारावी.” मग मलाच धीर द्यावा तसं म्हणाली, “माझंच डोकं चालायचं नाय गणितात.”

तसं नव्हतं. तिचं डोकं कसं चालतं हे पाहायला मी तिला वर्गात घेतलंच नव्हतं. एवढं एक वाक्य तिला सांगायचं होतं. तोवर तिने सासूबाईंना हळूच कुशीवर वळवलं होतं आणि त्यांच्या पाठीला पावडर लावत होती. मी दुसऱ्या बाजूने चादरीचं टोक धरून उभी राहिले.