चंद्रभान तायड्यांचा हॉल

अकोल्यात स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर 'नंदनवन' हॉटेल उघडलं ते १९५४ साली. मालक कमलाकांत पाठक जठारपेठेत राहायचे. पेशानं वकील, पण कोर्टात त्यांचं मन कधी लागलं नाही. एकदा मुंबईच्या एका बड्या हॉटेलात त्यांनी व्यापाऱ्यांची परिषद पाहिली आणि असं काहीतरी आपल्या अकोल्यात पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. खाली उतारूंसाठी खोल्या, वर ऐंशी खुर्च्यांचा हॉल, मोझॅकची फरशी, मधोमध झुंबर. कापसाचे व्यापारी, विमा एजंट, बियाणेवाले, सगळ्यांच्या सभा तिथे व्हायला लागल्या. आमंत्रणपत्रिकेवर 'स्थळ : नंदनवन' असं छापलं की सभेला आपोआप वजन यायचं.

त्या हॉलचा सगळा कारभार चंद्रभान तायडे बघायचा. तो मूळचा अचलपूरचा. सोळाव्या वर्षी अमरावतीच्या कॅम्पातल्या साहेबांच्या क्लबात बेअरर म्हणून लागला आणि दहा वर्षांत टेबल कसं मांडायचं, पाहुणा कुठे बसवायचा, चहा कुठल्या बाजूनं ठेवायचा, हे सगळं त्याच्या अंगात भिनलं. पुढे साहेब गेले, क्लब ओस पडला. पाठक वकिलांनी त्याला तिथूनच उचलून अकोल्याला आणलं आणि आयुष्यात केलेली ती त्यांची सगळ्यात शहाणपणाची निवड होती.

चंद्रभानचं मात्र सात वर्षांत एक मत होऊन बसलं होतं. वऱ्हाडातल्या माणसाला सगळं जमतं, सभा घेता येत नाही. माणसं किती येणार, या साध्या प्रश्नाला त्याला कधी कोणी धड उत्तर दिलं नव्हतं. "असतील चाळीसेक," असं म्हणणाऱ्यांकडे नव्वद यायचे. दोनशेंचा हुकूम देणाऱ्यांचे तीस जण यायचे आणि तेही सभा संपता संपता, जेवायला. विमा एजंटांना भाषण चालू असताना खुर्च्या फिरवून गोल करायचे असत. एका बियाणेवाल्यानं नमुना म्हणून सरकीचं पोतंच वर आणलं, ते फुटलं, आणि महिनाभर खुर्च्यांच्या पायांखाली सरकी निघत राहिली.

त्यात वकीलसाहेबांना नाही म्हणता येत नसे. एका दिवशी दोन सभांना त्यांनी हो म्हटलेलं असायचं, आणि ते चंद्रभानला कळायचं दोन्हीकडची माणसं जिन्यात एकमेकांना भेटली की.

"वकीलसाहेब, तुमी हो म्हणता अन् निस्तरा लागते मले," तो म्हणायचा.

"अरे, पाहुण्याला कसं नाही म्हणायचं?" वकील म्हणायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे.

१९६१ साली, पोळा होऊन आठ दिवस झाले असतील, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांच्या सभेचं पत्र आलं. अमरावतीची एक संघटना होती, अकोल्याची एक. दोन्ही एक करायच्या, असा विचार चालला होता. अमरावतीचे अध्यक्ष खुशालराव, राजापेठेत ज्यांचा मोठा दिवाणखाना. अकोल्याचे अध्यक्ष मोतीरामशेठ. दोघेही सत्तरीच्या आसपास, दोघेही जाड, आणि पंचवीस वर्षांत एकमेकांच्या दारात न गेलेले.

पत्रात साठ माणसं म्हटली होती. दुसऱ्या पत्रात शंभर झाली. मग तार आली : आमचा आचारी आम्ही आणू.

चंद्रभान ती तार घेऊन स्वयंपाकघरात गेला. तिथे सुंदराबाईंचं राज्य होतं. नंदनवनच्या पाटवडीचा रस्सा खायला लोक वाशिमहून यायचे, तो त्यांच्या हातचा. त्यांनी तार ऐकून घेतली आणि पोळपाट बाजूला सारला.

"म्हंजे? माह्या हातचं त्यायले चालत नाही? इख घालतो काय मी?"

"बाई, अकोल्याचं मीठ खाल्लं असं व्हायले नको, म्हणून आणून राहिले ते आचारी."

"मंग मीठबी घेऊन या म्हणा आपलं!"

शेवटी अर्ध्या चुली त्यांच्या, अर्ध्या आपल्या, मधे खडूची रेघ, असं ठरलं. खडू चंद्रभाननंच आणला.

पण खरा घोळ वर होता. व्यासपीठावर उंच पाठीची एक सागवानी खुर्ची होती, वकिलांनी कुठल्याशा बंगल्याच्या लिलावात घेतलेली. अध्यक्ष त्या खुर्चीवर बसायचा, हा शिरस्ता. आता अध्यक्ष दोन. चंद्रभाननं दोन रात्री विचार केला आणि खुर्ची अडगळीत टाकून खालच्या दिवाणखान्यातला मोठा सोफा वर चढवायचं ठरवलं. दोघं एकाच सोफ्यावर बसतील. जेवणाआधी उजवीकडे अमरावती, जेवणानंतर अकोला. तशा चिठ्ठ्या दोन्हीकडे पाठवून त्यानं होकारही आणवला. लाउडस्पीकर आणि सगळे पंखे एकदम लावले की फ्यूज उडतो, म्हणून बोलणारा उभा राहिला की भिंतीकडचे तीन पंखे बंद करायचे, हेही ठरलं. हे सगळं लिहून ठेवायला त्याला वेळ नव्हता. ते त्याच्या डोक्यात होतं.

सभेच्या दिवशी सकाळी अमरावतीची माणसं उतरली. खुशालराव मोटारीतून, बाकीचे बसनं, आचारी पातेल्यांसकट. खुशालरावांचा सेक्रेटरी आधीच येऊन वकिलांच्या खोलीत बसला होता. तो गेल्यावर वकिलांनी चंद्रभानला बोलावलं. त्यांची नजर टेबलावरच होती.

"चंद्रभान, आजच्या दिवस तू जरा खालीच थांब."

"खाली? वर कोण पाहीन?"

"पाहतील पोरं. काय आहे, त्यांच्यात काही जुनी माणसं आहेत. तू अचलपूरचा तायडे, हे त्या सेक्रेटरीला कुठूनतरी कळलं. तुझ्या हातून पाणी, चहा… आता समज ना."

चंद्रभान समजला. लहानपणापासून समजतच आला होता. पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला, त्या दिवशीही हॉलमध्ये विमा एजंटांची सभा होती. "सभा दरसाल येते जी, हा दिवस येत नाही," असं सांगून तो गेला होता. परत आला तो अंगावरचं ओझं टाकून आल्यासारखा. आता वकिलांसमोर उभं असताना त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो वैताग. साठ म्हणून शंभर येतात, आचारी घेऊन येतात, आणि आता हे. अजून हेच?

"तुमी तर वकील," तो म्हणाला. "पंचावन सालचा शिवाशिवीचा कायदा मी सांगू काय तुमाले?"

वकिलांनी वर्तमानपत्र उघडलं.

"बरं," चंद्रभान म्हणाला. "खाली बसतो."

तो जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसला. वर माणसं चढत होती. तो सवयीनं मोजत होता. शंभर कधीच झाले. एकशे एकवीस, एकशे बावीस. पहिल्या अर्ध्या तासात वरून तिघं जण उतरले. जास्तीच्या खुर्च्या कुठे आहेत? अडगळीत, डाव्या हाताला. फुलं कुठे ठेवली? माठाजवळ, ओल्या फडक्यात. चंद्रभाननं सांगितलं. चौथा फ्यूजचं विचारायला आला, तेव्हा मात्र तो म्हणाला, "मले काय मालूम? मी तर खाली आहो."

आणि त्यानं बायकोनं, जमुनानं दिलेला डबा उघडला.

वर काय झालं, ते त्याला नंतर कळलं. जास्तीच्या खुर्च्या काढताना कोणीतरी अडगळीतली ती सागवानी खुर्चीही उचलून आणली. व्यासपीठावर सोफा पाहून वकिलांना तो दिवाणखान्यातला म्हणून बरा दिसेना. त्यांनी तो मागे सरकवला आणि खुर्ची पुढे ठेवली. दोन्ही अध्यक्ष दोन बाजूंनी व्यासपीठावर चढले. खुर्ची एक. खुशालरावांनी हात जोडले, "बसा शेठजी." मोतीरामशेठ म्हणाले, "छे छे, आधी तुम्ही." त्या आग्रहात आदर कमी आणि सापळा जास्त होता. आधी बसेल तो हावरा ठरणार, आणि नंतरच्याला बसायला मागचा सोफा. म्हणून कोणीच बसेना. अध्यक्ष उभे म्हणून कार्यकारिणी उभी. कार्यकारिणी उभी म्हणून सभा उभी. तेवढ्यात कोणीतरी स्वागताचं बोलायला लाउडस्पीकर लावला, फ्यूज उडाला आणि सगळे पंखे एकदम थांबले. भाद्रपदातली ती उमस. सव्वाशे माणसं कोट-टोप्या घालून उभी, कोणी हलेना, कोणी बोलेना.

वीस मिनिटांनी पाठक वकील जिना उतरून आले. सदऱ्याचं पाठीवरचं कापड चिकटलं होतं.

"चंद्रभान, बाबा, वर चल."

"काहून?"

"अरे, माणसं उभी आहेत!"

"मंग बसवा न त्यायले." चंद्रभाननं भाकरीचा तुकडा मोडला. "मी वर आलो त त्या सेक्रेटरीचं काय?"

"तो बोलेल काहीतरी. तू लक्ष देऊ नको."

"नाही जी. लक्ष नाही द्यायचं काम मी लई वर्सं केलं. आता त्याले सांगायचं काम तुमचं. सगळ्यायसमोर सांगा, हॉल तायडे पाहते म्हणून. मंग मी येतो. नाहीतर हा डबा झाला की मी घरी चाललो, आणि उद्या दुसरा माणूस पाहा."

वकील जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कोणाला नाही म्हटलं नव्हतं आणि आता कोणाला तरी म्हणावंच लागणार होतं. चंद्रभानला किंवा वरच्यांना. त्यांनी दोनदा घाम पुसला. मग म्हणाले, "हात धुऊन ये."

वर जाऊन ते व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभे राहिले. पंखे बंद होते, त्यामुळे आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मंडळी, या हॉलची व्यवस्था श्री. चंद्रभान तायडे बघतात. इथून पुढे तेच बघतील. ज्यांना ते चालणार नसेल, त्यांनी… त्यांनी कृपा करून नंदनवनात सभा घेऊ नये."

सेक्रेटरी पुढे झाला. "खुशालराव, म्हणजे हे जरा…"

खुशालराव पंचवीस मिनिटं उभे होते. त्यांचे गुडघे वातानं धरलेले. "अरे, ते समदं मागून पाहू!" ते ओरडले. "मले आधी बसू दे कोणीतरी!"

चंद्रभान पुढे आला. खुर्ची उचलून बाजूला ठेवली, सोफा ओढला. "जेवणाआधी खुशालराव उजवीकडे, जेवणानंतर शेठजी. चिठ्ठीत कळवलं होतं." दोघे एकदम बसले. सोफ्याच्या स्प्रिंगा अशा होत्या, की एक टेकला की दुसरा वर यायचा. दिवसभर दोन अध्यक्ष आलटून पालटून वर-खाली होत राहिले, आणि एकानं हळूच उठावं तर दुसरा आदळायचा, म्हणून दोघांना एकमेकांना विचारून उठावं लागलं. पंखे फिरले. सेक्रेटरी आणि आणखी सहा जण सभा सोडून गेले आणि बसस्टँडवर जेवले. बाकीच्यांनी चंद्रभानच्या हातचा चहा घेतला. काहींनी त्याच्याकडे पाहून, काहींनी दुसरीकडे पाहून.

सभेत काय ठरलं? एक समिती नेमावी, असं ठरलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं जमुनाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अन् त्यायनं नाही म्हटलं असतं त? घरात शालूच्या शाळेची फी भरायची आहे, हे होतं ध्यानात?"

"होतं."

"मंग?"

"मंग काय! फी बी होती ध्यानात, अन् डोकंबी सटकलं होतं."

मग तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "पायाले लावायले तेल गरम करतो," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

पुढच्या महिन्यात वकिलांनी हॉलसाठी छापील अर्ज काढला. त्यावर व्यवस्थापक म्हणून चंद्रभानचं नाव होतं. लोक अर्ज भरायचे, माणसांची संख्या खोटीच लिहायचे. १९६५ मध्ये चंद्रभाननं स्वतः पुढाकार घेऊन बौद्ध शिक्षकांचा मेळावा नंदनवनात भरवला. आपली माणसं, शिकलेली, तरी पन्नास लिहून दीडशे आली, आणि गुरुजींनी खालच्या खोल्यांतून वर खुर्च्या ओढल्या. चंद्रभान त्या दिवशी अध्यक्षांवरसुद्धा खेकसला.

१९६७ साली त्याच्या मुलीला, शालूला अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याच उन्हाळ्यात खुशालरावांचं पत्र आलं. राजापेठेत त्यांनी मोठं सभागृहवालं हॉटेल बांधलं होतं आणि ते चालवायला त्यांना तायडेच हवे होते. चंद्रभाननं आधी लेखी नेमणूक मागितली, ती आल्यावर वकिलांचा निरोप घेतला. वकील स्टेशनपर्यंत आले. गाडी हलली तेव्हा त्यांना काही सांगायचं होतं, पण ते जमुनालाच म्हणाले, "जपून जा."

राजापेठेतला हॉल नंदनवनच्या दुप्पट होता. फरशी संगमरवरी, छताला तीन झुंबरं. चंद्रभान एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मग परत आला.

"रसोई कुठी आहे?" त्यानं विचारलं.

"मागच्या इमारतीत," खुशालराव अभिमानानं म्हणाले. "धूर यायले नको म्हणून दूर बांधली."

"म्हंजे चहा अंगणातून आणायचा? पावसात?"

खुशालरावांनी याचा विचार केलेला दिसत नव्हता.

"हा हॉल कोणं बांधला जी?"

"मी स्वतः उभा राहून बांधून घेतला!"

चंद्रभाननं डोक्याला हात लावला. मग त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, मागच्या भिंतीवर बोटानं एक चौकोन आखला आणि म्हणाला, "गवंड्याले बोलवा. इथं दार पाडा लागते."